नहराच्या पाळीची सायकल

१६ नोव्हेंबर, रविवार. आजचं काम: सायकलला कॅरिअर बसवणे.

काम लहानसं, पण सकाळ त्यातच गेली, कारण ही सायकल कॅरिअरसाठी केलेलीच नाही. मागच्या चाकाजवळ दोन्ही बाजूंना भोकं आहेत, वर सीटखाली काहीच नाही. बाजारातून आणलेल्या कॅरिअरचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब निघाला. शेवटी अंगणात पाट टाकून बसले, पट्टी दगडावर ठेवून वाकवली, सीटच्या नळीला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि त्यावर क्लॅम्प आवळला. नवरा सायकल धरून उभा होता. तो वकील आहे. हातात पाना दिला तर त्याला तो पुराव्यासारखा वाटतो, म्हणून नुसतं धरायला सांगितलं.

कॅरिअर आईच्या हट्टासाठी. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. काल सायकल दारात आली तेव्हा तिनं चष्मा लावून ती पुढून-मागून पाहिली. ना कॅरिअर, ना मडगार्ड, ना स्टँड.

"बिना करिअरची सायकल म्हंजे बिना शेपटाची म्हैस," ती म्हणाली. "माशा कायनं हाकलशीन?"

मी म्हटलं बसवते. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा पट्टी वाकवणं सोपं.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं डोंगरात चालवायची सायकल का घ्यावी, हे शेजारच्यांनी कालपासून दोनदा विचारून झालं आहे. मध्य प्रदेशातल्या या बालाघाट शहरात राहून डोंगर काही परका नाही, पण मला डोंगर चढायचा नव्हता. मला सायकल सोडायची नव्हती, एवढंच.

माझी आधीची सायकल पातळ चाकांची, वाकड्या हँडलची होती. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला त्या वर्षी घेतली. गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले होते चालणं कमी करा, सायकल चालवा. ते साधी लेडीज सायकल म्हणत असावेत. मी गोंदियाच्या दुकानात बोटभर जाडीच्या चाकांची ती सायकल उचलून पाहिली आणि ती एका हातानं उचलली गेली. मला दुसरं काही बघावंसंच वाटलं नाही.

त्या वेळचा गोंदिया रस्ता मला अजून वळणासकट पाठ आहे. रविवारी उजाडता उजाडता निघायचं. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये धानाची शेतं, आणि रस्त्यावर मी आणि दूधवाले. त्यांच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले, तरी एकजण नेहमी माझ्याशी शर्यत लावायचा आणि जिंकला की मागे वळून घंटी वाजवायचा. राजेगाव आलं की पुढे पूल आणि पलीकडे महाराष्ट्र. आजचा चहा मध्य प्रदेशात प्यायचा की महाराष्ट्रात, हे मी पुलाशी पोचल्यावर ठरवायची. अलीकडची चहावाली बोलकी होती. हेल्मेट, घट्ट कपडे आणि बाजूला टेकवलेली सायकल असा माझा अवतार पहिल्यांदा पाहून तिनं आलं ठेचता ठेचता विचारलं होतं, "घरी भांडण झालं का, मॅडम?" नाही म्हटलं तर तिचा विश्वास बसला नाही. पुढे कित्येक महिने ती मला साखर जास्त घालून चहा द्यायची. दुःखी बाईला गोड द्यावं असं तिचं मत असावं.

तो रस्ता आता राहिला नाही. झाडं गेली, रुंदी वाढली, आणि मँगनीजचे, तांदळाचे ट्रक रात्रंदिवस धावू लागले. मी तरी जातच होते. या वर्षी पोळ्याच्या सुमाराला एका ट्रकच्या ताडपत्रीचा सुटलेला दोर माझ्या हँडलात अडकला. मी कडेच्या मुरमात पडले, दोर तुटला, ट्रक पुढे निघून गेला. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. दोर तुटला नसता तर काय झालं असतं, हे नवऱ्यानं मला तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावून सांगितलं आणि मग आईसमोर कबूल करायला लावलं की मोठ्या रस्त्यावर पुन्हा सायकल नेणार नाही. मी कबूल केलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आणि कबूल केलेलं मोडायची मला सवय नाही.

मग राहिली नहराची पाळ. इतर ठिकाणी ज्याला कालवा म्हणतात तो आमच्याकडे नहर, आणि त्याच्या काठाचा मुरमाचा उंच बांध म्हणजे पाळ. गावामागून निघते आणि शेतांमधून सरळ जाते. तिच्यावर ट्रक चढूच शकत नाही.

पाळ मला नवीन नव्हती. बाबा सिंचाई विभागात होते. कुणाच्या शेताला पाणी पोचलं, कुणी पाळ फोडून चोरून घेतलं, कुठलं गेट अडकलं, हे पाहत त्यांची सगळी नोकरी सायकलवर झाली. माझ्या शाळेला सुट्टी असली की ते मला पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसवायचे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धान, आणि समोर हँडलवरचे बाबांचे दोन हात. शेतकरी लांबूनच सायकल ओळखायचे आणि तक्रारी घेऊन पाळीवर चढायचे. बाबा एक पाय टेकून सगळं ऐकायचे. मला उतरायची परवानगी नसायची. त्यामुळे लहानपणी मला पाणी, शेताचा धुरा म्हणजे बांध, वाटा, पाण्याची पाळी याच विषयांवरची भांडणं सगळ्यात जास्त ऐकायला मिळाली.

आमच्याकडे बैल नव्हते, शेती काकांकडे. पण बाबा पोळा करायचे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं चोळतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. बाबा अंगणात सायकल उलटी करून तिच्या चेनला तेल घालायचे, बेअरिंगला ग्रीस भरायचे आणि गंभीर तोंडानं म्हणायचे, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी सायकल घराबाहेर काढायची नाही. कितीही तातडीचं काम असलं तरी ते पायी जायचे. आई हँडलला कुंकू लावायची आणि पुटपुटायची की बैलाले निदान शेण तरी येते.

तर या पाळीवर मी माझी पातळ चाकांची सायकल नेली. पहिल्या रविवारी बाभळीचा काटा, दुसऱ्या रविवारी बाभळीचा काटा. तिसऱ्या रविवारी मुरमात पुढचं चाक घसरलं आणि मी नहरात पडता पडता राहिले. सायकल खांद्यावर घेऊन घरी आले. नवरा म्हणाला स्कूटर घे. माझ्या वयाच्या सगळ्या बायका स्कूटरवर असतात, त्यांचं काही अडत नाही, आईलाही मंदिरात नेता येईल. मुद्दे बिनतोड होते. पण सायकलवर निघाल्यावर पहिल्या वळणानंतर माझ्या डोक्यातली शाळा, घर आणि गॅस सिलिंडर एकामागून एक गळून पडतात, आणि स्कूटरवर ते घट्ट धरून बसलेले असतात. हे मी त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की जाड चाकांची सायकल पाहते, नाही जमली तर स्कूटर.

पैशाची मर्यादा मीच घातली. घरात पाण्याची मोटर बदलायची आहे, त्यामुळे जुन्या सायकलचे जे येतील त्यात थोडीच भर घालायची असं ठरलं. म्हणून जुनी आधी विकली. गोंदियातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका तरुण बाईनं घेतली. मी ती तिकडच्या रेल्वेगाडीत घालून नेऊन दिली, हवा कुठवर भरायची ते दाखवलं आणि परत आले. येताना हात रिकामे होते, त्याची सवय नव्हती.

म्हणजे आता माझ्याकडे सायकलच नव्हती, आणि नवी जमली नाही तर स्कूटर कबूल केलेली.

त्याच दिवशी गोंदियाच्या दुकानात जाड चाकांच्या सायकली पाहिल्या होत्या. माझ्या पैशात दोन बसत होत्या. एक डबल शॉकरची, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, अंगावर विजेची चित्रं. दुकानदार तिच्या सीटवर हात दाबून ती वर-खाली करून दाखवत होता. मी सवयीप्रमाणे उचलायला गेले तर ती जमिनीलाच चिकटलेली होती. गॅस सिलिंडर परवडला. पायडल मारलं की अर्धं बळ मागच्या स्प्रिंगमध्येच जिरायचं, सायकल जागच्या जागी मान हलवायची. दुसरी जरा हलकी होती, पण मुलांच्या मापाची. गुडघे हँडलला लागत होते. मी दोन्हींना नाही म्हटलं.

मग शाळेत, जिथे मी विज्ञान शिकवते, तिथल्या एका बाईंनी सांगितलं की त्यांचा भाऊ मलाजखंडला तांब्याच्या खाणीत आहे आणि त्याच्या शेजारच्या इंजिनिअरची बदली झाली आहे. ते लोक सामान विकत आहेत. त्यात एक चांगल्या कंपनीची सायकल आहे, फक्त पुढे शॉकर, मागे सरळ सांगाडा, फारशी न वापरलेली.

काल, शनिवारी, आम्ही दोघं गाडीनं गेलो. बैहरचा घाट चढून जंगलातून मलाजखंड. कंपनीच्या वसाहतीत सगळे क्वार्टर सारखे, सगळ्यांपुढे तीच मेंदी. इंजिनिअर ड्यूटीवर होते. त्यांच्या पत्नी खोक्यांच्या मधोमध बसून भांडी कागदात गुंडाळत होत्या. सायकल व्हरांड्यात उभी होती. त्या म्हणाल्या, लालबर्ऱ्याचे एक राइस मिलवाले मुलासाठी संध्याकाळी बघायला येणार आहेत, "आप पहले आ गईं, तो पहले आप देख लीजिए."

मी पाहिली. चेन झिजलेली नव्हती, चाकं फिरवल्यावर लचकत नव्हती, ब्रेक धरत होते, सांगाडा माझ्या मापाचा. उचलली, उचलली गेली. महिनोन् महिने उभी असल्यानं टायर मऊ पडले होते. माझा पंप मी बरोबर नेला होता. दुसऱ्याच्या पंपावर माझा भरवसा नाही. दोन्ही चाकांत हवा भरली, जशी गेली कित्येक वर्षं भरते तशी, टिचकी मारल्यावर दगडासारखा आवाज येईपर्यंत. आणि क्वार्टरमागच्या मुरमाच्या मैदानावर नेली.

निराशा झाली. सायकल खड्यांवरून चेंडूसारखी उडत होती. वळणावर पुढचं चाक सरकलं. एक फेरी मारेपर्यंत मनगटं दुखायला लागली. पातळ चाकांनी पाळीवर जे केलं तेच हिनं केलं, फक्त काटा रुतला नसता. मी उतरले, त्यांचे चहाबद्दल आभार मानले आणि सांगितलं की मला जमणार नाही. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. मिलवाले येणारच होते.

गाडीत बसल्यावर नवरा फार समजूतदारपणे वागला. केस जिंकल्यावर तो समोरच्या वकिलाशी असाच वागतो. स्कूटरचे रंग कुठले कुठले असतात, हे त्यानं बैहरपर्यंत सांगितलं. पांढरी उन्हात तापत नाही. मी खिडकीबाहेर पाहत होते. पंपाचं टोक मागच्या सीटवरून माझ्या कमरेला टोचत होतं आणि मी तो बाजूला करत नव्हते.

घाटाच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. मनगटं अजून दुखत होती, ती चोळता चोळता मला एक गोष्ट कळेना. बाबांची सायकल लोखंडी, जड, शॉकर कशाला म्हणतात हे न माहीत असलेली. तिच्या दांडीवर, पुढच्या चाकाच्या जवळ, मी बसायची. सगळ्यात जास्त दणके मला बसायला हवे होते. बसत नव्हते. पाळीवर मला झोप यायची, हँडलवर डोकं ठेवून. असं कसं?

आणि मग ते दिसलं, अगदी तिथल्या उन्हासकट. डांबरी रस्ता सोडून पाळीवर चढायच्या जागी बाबा उतरायचे. मला दांडीवरून उतरवून ते खाली वाकायचे आणि चाकाची वॉलट्यूब थोडी सैल करायचे. हवा फुसफुसत सुटायची. ते म्हणायचे, अंगठा लाव. मी वाकून टायर अंगठ्यानं दाबायची. दबला का? नाही. अजून थोडी हवा. दबला का? दबला. मग दुसरं चाक. संध्याकाळी परत येताना त्याच जागी सांगाड्याला बांधलेला पंप सोडून पुन्हा हवा भरायची, कारण डांबरावर मऊ चाक जड जातं. त्यांच्या बरोबरचे सगळेच हे करायचे. ओळीनं उभं राहून हवा सोडणारी माणसं मी पाहिली होती. पण हे त्यांचं काम आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. बाबांनी तो माझ्यासाठी काढलेला खेळ आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. दाब आणि क्षेत्रफळ मी दर वर्षी फळ्यावर शिकवते, ते वेगळंच.

मी ग्लास खाली ठेवला. "गाडी फिरवा."

"काय राह्यलं तिथं?"

"हवा काढायची राहिली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आता उलटतपासणी होणार म्हणून मी उत्तरं जुळवत होते. त्यानं चहाचे पैसे दिले, गाडी फिरवली आणि मलाजखंडपर्यंत स्कूटरचं नाव काढलं नाही. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत. त्याच्या चांगल्या गोष्टी मी सहसा लिहीत नाही, पण ही लिहून ठेवते.

मिलवाले अजून आले नव्हते. सायकल जिथे ठेवली होती तिथेच होती. मी पुढच्या चाकाची हवा सोडली, अंगठा लावला, अजून सोडली. मागच्याची सोडली. त्या बाई हातातलं पातेलं तसंच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या. मैदानावर नेली. टायर खड्यांवरून पसरत गेले. सायकल उडाली नाही, सरकली नाही, मुरमाचा फक्त आवाज येत राहिला, चुरचुर. मी एक फेरी मारली, मग गरज नसताना आणखी एक मारली, आणि तेवढ्या वेळात मला दोनदा समोर हँडलवर माझ्याच हातांऐवजी बाबांचे हात दिसले. उतरले तेव्हा डोळ्यांत धूळ गेली होती. मैदान कोरडंच होतं.

त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या मर्यादेच्या किंचित वर होता. बरोबरचं हेल्मेट नको म्हटल्यावर आत आला. पुढचं चाक काढून सायकल मागच्या सीटवर आडवी घातली. नवऱ्यानं दार लावता लावता एकच विचारलं.

"नहरावर ट्रक येत नाहीत ना?"

"नाही. म्हशी येतात."

"म्हशीवर केस करता येत नाही," तो म्हणाला. "सांभाळून."

आज कॅरिअर बसलं. आईनं ते हातानं हलवून पाहिलं, हललं नाही. मग म्हणाली की तुझा बाप असता तर आधी तेल घातलं असतं. तेल मी काल रात्रीच घातलं होतं. तसं सांगितलं, तर म्हणाली, "हौ, मंग ठीक आहे," आणि पुन्हा वालाच्या शेंगा सोलायला लागली.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी निघाले. गल्ल्यांमधून पाळीपर्यंत गेले, थोडी हवा सोडली आणि चढले. धान कापून झालेलं, शेतांत नुसते बुडखे आणि त्यांत बगळे. नहर कोरडा, मध्ये मध्ये डबकी. कुठेही उतरावं लागलं नाही.

एका गेटापाशी एक म्हातारे शेतकरी लांबूनच हात करत पाळीवर चढून आले. मी एक पाय टेकून थांबले. ते थेट मुद्द्यावर आले. हरभरा पेरून बसलो, पाणी कधी सोडून राह्यले, आणि या गेटाची चकती मागच्या वर्षापासून फिरत नाही, दोनदा सांगितलं, कोणी येत नाही. मी सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की मी खात्यातली नाही.

ते माझ्याकडे, सायकलकडे, कॅरिअरकडे पाहत राहिले.

"मंग नहरावर काय करून राह्यली, बाई?"

"सायकल चालवून राह्यले."

"हौ." त्यांनी जरा विचार केला. "घरी काही काम नाही वाटते."

आहे म्हटलं. चकती फिरवून पाहिली, खरंच जाम होती. गेटावरचा नंबर वाचून घेतला आणि सायकल वळवली. घरी येऊन आंघोळ केली, डबा भरला आणि शाळेत जाताना वाटेत सिंचाई कार्यालयात शिरले. दारावरच्या माणसानं विचारलं कुठून आलात. नहरावरून, म्हटलं, गेटाचं सांगायचं आहे. त्यानं बाकाकडे बोट दाखवलं. मी बसले.